स्वयंसेवक की बिनपगारी कारकून?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी अंबरनाथच्या एका सभागृहात प्रौढ साक्षरता वर्गांसाठी पुढे आलेल्या नव्या स्वयंसेवकांचा परिचय-मेळावा भरला होता. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांतून साठ-पासष्ट जण आले होते. बहुतेक महाविद्यालयीन विद्यार्थी. काही नुकत्याच निवृत्त झालेल्या शिक्षिका. दोघे-तिघे कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले कामगार. कार्यक्रम दोन तास चालला. मोबाइलवर ॲप कसे उतरवून घ्यावे, त्यात स्वतःची नोंदणी कशी करावी, निरक्षराची माहिती कोणत्या रकान्यात भरावी, यात पहिला तास गेला. दुसरा पाहुण्यांच्या भाषणांत. अखेरीस फलकासमोर छायाचित्र आणि प्रमाणपत्रे केव्हा मिळतील याची घोषणा. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, त्यांपैकी एकही स्त्री वा पुरुष त्या सभागृहात नव्हता. आणि याचे कोणाला वैषम्य वाटल्याचेही दिसले नाही.

दिवाळीनंतर त्यांतले किती वर्गांवर टिकून होते? माझ्या माहितीत नऊ. आजची तरुण पिढी चंचल आहे, असा निष्कर्ष काढून मोकळे होणे सोपे आहे. आपल्या काही ज्येष्ठ साथींनी तो काढलाही. मला तो मान्य नाही. ज्यांना पहिल्याच दिवशी आपण कारकुनी सोपविली, त्यांनी कारकुनाइतकीच आस्था दाखविली, यात त्यांचा दोष कोणता? दोष त्यांना कामाची ओळख करून देणाऱ्यांचा आहे, आणि त्या ओळख करून देणाऱ्यांत सरकार आहे, संस्था आहेत, तसेच आपणही आहोत.

सरकारपासूनच सुरुवात करू. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘नव भारत साक्षरता कार्यक्रम’ मंजूर केला. पुढे त्याचे ‘उल्लास’ असे नामकरण झाले. (आमचे शहर उल्हासनगर, नदी उल्हास आणि योजना उल्लास. आनंदाचा एवढा सुकाळ ज्या भागात, तेथे वालधुनीच्या काठावरून नाक न दाबता चालता येऊ नये, हा केवळ योगायोग समजावा.) २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी योजनेची तरतूद १०३७.९० कोटी रुपयांची आणि उद्दिष्ट पंधरा वर्षांवरील पाच कोटी निरक्षरांचे. भागाकार कोणीही करावा. माणशी सुमारे २०८ रुपये पडतात, तेही पाच वर्षांत मिळून. एवढ्या पैशात शिक्षक बसत नाही. म्हणूनच योजनेचा सारा डोलारा ‘स्वयंसेवे’वर उभा केलेला आहे. जो शिकवील त्याला मानधन नाही, वर्गाला जागा नाही, दिव्याचे बिल कोणी भरावयाचे याचा उल्लेख नाही.

याची तुलना २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाशी करून पाहावी. त्या कार्यक्रमातही दोष पुष्कळ होते. तथापि प्रौढ शिक्षण केंद्राच्या निदेशकाला महिना पन्नास रुपये मानधन ठरलेले होते. रक्कम तुटपुंजी होती, परंतु शिकविणे हे काम आहे आणि कामाचे दाम द्यावयाचे असतात, एवढे तत्त्व तरी तिने मान्य केलेले होते. दुसरे असे की, त्या कार्यक्रमाने आपली उद्दिष्टे तीन सांगितली होती : साक्षरता, व्यवहारोपयोगी कौशल्य आणि सामाजिक जाणीव. आपण गरीब का आहोत, कायद्याने आपल्याला काय दिले आहे आणि ते हाती का पडत नाही, यांचा विचार वर्गात व्हावा, असे सरकारी कागदावर लिहिलेले होते. आजच्या योजनेत पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानाच्या जोडीला जीवनकौशल्ये आहेत, व्यवसायकौशल्ये आहेत, डिजिटल व्यवहार आहेत. कायदेविषयक साक्षरताही यादीत आहे, नाही असे नाही. परंतु ती आपत्ती व्यवस्थापन आणि बालसंगोपन यांच्या रांगेत एक कौशल्य म्हणून बसविलेली आहे. ‘सामाजिक जाणीव’ हे उद्दिष्ट मात्र स्वतंत्रपणे उरलेले नाही.

२०२३ मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणाचे काम महाराष्ट्रातील शिक्षकांवर टाकण्यात आले, तेव्हा शिक्षक संघटनांनी त्यावर बहिष्कार घातला. वर्तमानपत्रांतून त्यांना बोल लावला गेला. माझ्या मते त्यांचे म्हणणे रास्त होते. वर्गातल्या मुलांना सोडून शिक्षकाने दारोदार माणसे मोजीत फिरावे, हे शिक्षणाच्या कोणत्या तत्त्वात बसते? आणि मोजणार ते काय? जनगणनेची रीत आपणांस ठाऊक आहे : सात वर्षांवरील जी व्यक्ती कोणत्याही भाषेत समजून लिहू-वाचू शकते ती साक्षर. ते कोणी तपासून पाहत नाही. घरातील कोणीतरी सांगतो आणि प्रगणक लिहून घेतो. त्या रीतीने २०११ साली महाराष्ट्र ८२.३४ टक्के साक्षर ठरला. आमच्या तीन शहरांची त्या वेळची लोकसंख्या मिळून नऊ लाखांवर होती. २०२१ मध्ये व्हावयाची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. दरम्यान पूर्ण साक्षरतेची व्याख्या मात्र झाली : पंचाण्णव टक्के म्हणजेच शंभर टक्के. जून २०२४ मध्ये लडाख आणि मे २०२५ मध्ये गोवा पूर्ण साक्षर म्हणून घोषित झाले. उरलेले पाच जे असतील, त्यांचा पत्ता कोणत्या वस्त्यांत लागतो, हे सांगावयास नकोच.

आता आपल्याकडे वळू. सरकारची योजना अशी लंगडी आहे, यावरून आपल्यातील एका गटाने निष्कर्ष काढला आहे की, तिच्यात पडूच नये. साक्षरता हा सुधारणावाद आहे. आधी संघटना, मग अक्षर. राज्यसंस्थेने झटकलेली जबाबदारी आपण फुकट का उचलावी? यातील शेवटचा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर मोर्चाने द्यावयास हवे. परंतु हे तिन्ही युक्तिवाद करणारे कार्यकर्ते स्वतः उत्तम वाचतात, हेही नमूद करून ठेवतो. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली, ती सरकारने जबाबदारी उचलण्याची वाट पाहून नव्हे. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने मुंबईच्या गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालये चालविली, आणि त्याच जोशींनी पुढे १९२० साली आयटकच्या स्थापनेत पुढाकार घेतला. आधी काय आणि नंतर काय, हा वाद त्यांना सुचला नाही. तो सभागृहात बसणाऱ्यांना सुचतो.

मी हे उंचावरून सांगत नाही. माझा स्वतःचा पहिला वर्ग मी बुडविलेला आहे. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पाच्या बाजूला, जेथे जीन्स शिवली जाते, तेथील एका चाळीत मी चौदा बायकांचा वर्ग सुरू केला. त्या घरी बसून शिवलेल्या पँटींचे धागे कापीत, नगावर मजुरी. मी हाती प्रवेशिका घेऊन कमळ, बदक, छत्री असा क्रम धरला. कोणी बिहारची, कोणी जालन्याची, कोणी जौनपूरची. बदक पाहून त्या हसल्या. तिसऱ्या आठवड्यात पाच उरल्या आणि पाचव्यात मी आणि घरमालकीण. मला राग आला तो त्यांचा; ‘यांना शिकावयाचेच नाही’ हे वाक्य मी तेव्हा दोन ठिकाणी उच्चारल्याचे स्मरते. महिनाभराने त्यांतल्याच एकीने माझ्यापुढे एक डायरी धरली. ठेकेदार तिच्यात रोजचे नग मांडून ठेवीत असे. ‘भाऊ, हे शिकवा,’ एवढेच ती म्हणाली.

मग आम्ही डायरीपासून आरंभ केला. आधी आकडे, मग बेरीज, मग आपले नाव, मग ठेकेदाराचे. दहा जणी परतल्या. चौथ्या महिन्यात त्यांच्यापैकी एकीने घरी भिंतीवर कोळशाने मांडलेल्या रेघा आणि डायरीतील आकडा ताडून पाहिला. आठवड्याला चाळीस नगांचा फरक निघाला. तिने ठेकेदाराला तसे सांगितले. पुढच्या आठवड्यात तिच्या घरी गठ्ठा आला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही.

स्वयंसेवकांच्या कोणत्याही प्रशिक्षणात हा प्रसंग सांगितला जात नाही, आणि माझी सारी तक्रार येथे येऊन थांबते. आपण नव्या स्वयंसेवकाला सांगतो की, अक्षर आले की माणूस स्वावलंबी होतो. अक्षर आले की प्रथम भांडण उभे राहते, हे आपण सांगत नाही. ठेकेदाराशी, सावकाराशी, हप्ता वसूल करणाऱ्या फायनान्सच्या माणसाशी, रेशन दुकानदाराशी, कधी घरातल्या पुरुषाशी. जोतीराव ज्यांना कलमकसाई म्हणत, त्यांचा सारा व्यवहार समोरच्याला वाचता येत नाही या एका गोष्टीवर चाललेला असतो. ते शिकविणाऱ्याला कितीही गोड बोलोत, शिकलेल्याला सोडीत नाहीत. ज्या दिवशी त्या बाईचा गठ्ठा बंद झाला, त्या दिवशी तिचा स्वयंसेवक, म्हणजे मी, काय करीत होतो? मी पुढच्या धड्याची तयारी करीत होतो. उरलेल्या नऊ जणींनी मिळून ‘तिला गठ्ठा नाही तर आम्हीही धागे कापणार नाही’ असे ठरविले ते त्यांचे त्यांनी. मला दोन दिवसांनी कळले. गठ्ठा परत सुरू झाला, हिशेबाची डायरी आता त्या आपल्या हाताने लिहितात. यात माझे श्रेय शून्य आहे आणि ते तसेच राहू द्यावे.

या गोष्टीला मोठा दाखला हवा असेल तर आंध्रातील नेल्लोरचा आहे. तेथे १९९१-९२ मध्ये साक्षरता मोहिमेच्या पुस्तकात दारूच्या प्रश्नावरील एका स्त्रीची कथा होती. ती वाचून दुबागुंटा गावच्या बायका उठल्या आणि त्यांनी ताडी-अर्काची दुकाने बंद पाडली. गावोगाव लोण पसरले. ऑक्टोबर १९९३ पासून राज्य सरकारला अर्क-बंदी करावी लागली. एका धड्याने एवढे घडते, हे राज्यकर्त्यांनी तेव्हा पाहून ठेवले आहे. आजची पुस्तके इतकी निरुपद्रवी का असतात, याचे आश्चर्य मग वाटू नये.

येथे कोणी एर्नाकुलमचा दाखला देईल : तेथे हजारो स्वयंसेवकांनी एक पैसा न घेता शिकविले आणि फेब्रुवारी १९९० मध्ये तो जिल्हा देशातील पहिला पूर्ण साक्षर जिल्हा म्हणून घोषित झाला. खरे आहे. परंतु तेथे स्वयंसेवकाच्या पाठीशी केरळ शास्त्र साहित्य परिषदेसारखी वर्षानुवर्षे गावांत मुरलेली संघटना होती, जिल्हाधिकारी स्वतः उतरलेले होते आणि गावोगाव कलापथके फिरत होती. एकट्या मुलाला एका ॲपच्या भरवशावर वस्तीत पाठवून एर्नाकुलमचे नाव घेणे ही लबाडी आहे.

स्वयंसेवकाला शिकवावयाची दुसरी गोष्ट म्हणजे ‘निरक्षर’ या शब्दाची धास्ती. उल्हासनगर हे फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या सिंध्यांनी वसविलेले गाव. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत ते राहिले आणि १९४९ मध्ये त्या कल्याण कॅम्पाचे उल्हासनगर झाले. त्या पिढीतील कित्येक स्त्रिया गुरुमुखीत बाणी वाचीत. पुरुष अरबी वळणाच्या लिपीत सिंधी लिहीत. देवनागरी अर्ज समोर आला की दोघेही अंगठेबहाद्दर ठरत. मी अलीकडे नव्या स्वयंसेवकांना बसवून अरबी लिपीतील सिंधी मजकुराचा एक कागद देतो आणि म्हणतो, खाली सही करा. पदवीधर मुले गोंधळतात. कोणी विचारतो, ‘यात लिहिले काय आहे?’ मी सांगतो, ‘काही नाही, नेहमीचेच आहे, करा सही.’ दोघे-तिघे करतातही. मग शेजारच्या चाळीतील एखाद्या वृद्ध गृहस्थांना बोलावून तो कागद वाचवून घेतो : पाच हजार रुपये मिळाले, तक्रार नाही. त्या पाच मिनिटांत जे समजते, ते दोन तासांच्या भाषणात समजत नाही. ज्याला वाचता येत नाही तो मूर्ख नसतो. तो दुसऱ्याच्या शब्दावर विसंबण्यास भाग पाडलेला असतो.

तिसरी गोष्ट वेळापत्रकाची, आणि तिच्याविषयी मी थोडा अधिक लिहिणार आहे, कारण हिच्याकडे कोणाचे लक्ष नाही. बदलापूरच्या भोवतालच्या कातकरी वाड्यांतील कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर जातात ती पुढचा पाऊस जवळ येईपर्यंत. जाण्यापूर्वी भट्टीमालकाकडून उचल घेतलेली असते. हंगामाअखेर ती फिटली की उरली, हे मालकाची वही सांगते. वेठबिगारी नाहीशी करणारा कायदा १९७६ चा आहे, आणि याच ठाणे जिल्ह्यात १९८२ नंतर श्रमजीवी संघटनेला वेठबिगार सोडवीत फिरावे लागले, यावरून त्या वहीचे सामर्थ्य ध्यानात यावे. आता, ज्या साक्षरतेची सर्वांत अधिक गरज या माणसांना आहे, तिची परीक्षा राज्यात कोणत्या दिवशी झाली? १७ मार्च २०२४ या रविवारी. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची प्रत्येकी पन्नास गुणांची. त्या दिवशी वाडीवर म्हातारी माणसे, कुत्री आणि बंद झोपड्या होत्या. परीक्षार्थी मैलोगणती दूर चिखल तुडवीत होते. ‘कातकरी समाज शिक्षणाबाबत उदासीन आहे’ हे वाक्य अहवालांत कसे जन्म घेते, ते मी त्या दिवशी पाहिले. वर्ग जूनमध्ये वाडीवर सुरू व्हावा आणि दिवाळीनंतर भट्टीवर न्यावा, परीक्षाही भट्टीवर घ्यावी, ही मागणी आपण तालुक्याला आणि जिल्ह्याला का करीत नाही? तिला खर्च नाही. भट्टीमालकाची नाराजी तेवढी आहे.

कारखान्यातील कामगारांच्या बाबतीतही तेच. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पाळी बदलली की वर्ग मोडतो. ज्या दिवशी कारखान्याची सुट्टी, तो वर्गाचा दिवस. बायकांचा वर्ग दुपारी, पाण्याची वेळ सोडून. नळाला पाणी केव्हा येते हे ज्या स्वयंसेवकाला ठाऊक नाही, त्याचा वर्ग महिनाभरही टिकत नाही.

वयाने शिक्षण होत नाही, अशी सबब पुढे येते, तिला उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी साठीच्या पुढच्या स्त्रियांसाठी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू केली. गुलाबी नऊवारीतील आजींची छायाचित्रे जगभर छापली गेली, आणि पाहणाऱ्यांनी कौतुकाने डोळे पुसले. मला त्या छायाचित्रांपेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. आम्हांला वाचता आले असते तर, अशी इच्छा आधी त्या आजींनी बोलून दाखविली होती. आणि शिकविणारी गावचीच सून होती. तिच्या वर्गात तिची सासूही बसे. बाहेरून जाऊन उपकार करणारे तेथे कोणी नव्हते.

म्हणून माझी सूचना अशी आहे. येत्या जूनमधील परिचय-मेळावा सभागृहात घेऊ नये. तो वस्तीत, रात्री आठ वाजता, शिकणाऱ्यांच्या दारात घ्यावा. खुर्च्या शिकणाऱ्यांना द्याव्यात, स्वयंसेवकांनी सतरंजीवर बसावे आणि प्रश्न शिकणाऱ्यांनी विचारावेत. मागच्या खेपेस आम्ही कॅम्प चारमध्ये असा एक लहान मेळावा करून पाहिला. स्वयंसेवक सात होते. धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंनी पहिल्याच मुलाला विचारले, ‘परीक्षा झाली की तू येशील का?’ मुलगा प्रामाणिक होता. ‘नक्की सांगता येत नाही’ म्हणाला. ‘मग आत्ताच जा,’ त्या म्हणाल्या. तो गेला नाही, आज त्याचा अकरावा महिना चालू आहे. सातांपैकी दोघे मात्र त्याच रात्री निघून गेले, आणि माझ्या मते ते योग्यच झाले.

मानधनाच्या मागणीसाठी पक्षाने जिल्हा कार्यालयावर जे निवेदन द्यावयाचे ते द्यावे. पाच वर्षांत माणशी २०८ रुपये, हा आकडा त्यात ठळक अक्षरांत असावा. त्याबरोबर तिन्ही शहरांतील प्रत्येक शाखेने आपले दोन कार्यकर्ते वर्षभरासाठी या वर्गांना द्यावेत. भाषणासाठी नकोत, ती माणसे आमच्याकडे मुबलक आहेत. आठवड्यातून तीन संध्याकाळी येतील आणि एखाद्या शिकणाऱ्याचे काम बंद पडले तर दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराच्या दारात तिच्या शेजारी उभे राहतील, असे दोघे हवेत. बदलापूरच्या शाखेने आपले दोघे दिवाळीपूर्वी निवडावेत. भट्ट्यांवरचे वर्ग त्यांच्याकडे राहतील आणि कंदील त्यांना बरोबर न्यावे लागतील.